गाडी का तापली, हे कुणी विचारायचं?

आपल्या गटांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणांची यादी एकदा नजरेखालून घाला. कायदा आहे, आरोग्य आहे, बचत गटाचा हिशेब आहे, माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, रेशन आहे. या सगळ्या विषयांसाठी आपण गावोगाव जातो, बायकांना घेऊन कचेऱ्यांमध्ये जातो, दवाखान्यात जातो, कोर्टात जातो. जातो ते गाडीने. आणि यादीत गाडी मात्र कुठेच नाही. गाडी म्हणजे ड्रायव्हरदादांचं काम आणि बॉनेट म्हणजे मिस्त्रींचं काम, अशी वाटणी आपण कधी केली, ते आपल्यालाही आठवत नाही. घरातली कामाची वाटणी आपण प्रश्नांकित केली. ही वाटणी मात्र तशीच राहून गेली.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे, आणि तो काहीजणींना किरकोळ वाटेल याची मला कल्पना आहे. गाडीचं इंजिन तापलं तर ते कशामुळे तापलं याचं निदान करता येणं, हे प्रत्येक कार्यकर्तीच्या शिक्षणाचा भाग असलं पाहिजे. मी दुरुस्तीबद्दल बोलत नाही, निदानाबद्दल बोलते आहे. दुरुस्ती ज्याची त्याला करू द्या. पण काय बिघडलं आहे हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात देणं ही साधी गोष्ट नाही.

टोकाचा तालुका

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठचा धानाचा मुलूख. जवळचं रेल्वे स्टेशन वडसा, तेही नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात. जिल्हा रुग्णालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, सगळं भंडाऱ्याला. पवनीवरून जा नाहीतर साकोलीवरून जा, दिवस मोडतोच. विरली, मासळ, बारव्हा, दिघोरी या बाजूच्या बाईला एखाद्या अर्जासाठी भंडाऱ्याला जायचं तर पहाटे स्वयंपाक उरकून निघावं लागतं आणि एसटी चुकली तर दुसऱ्या दिवसाची मजुरीही बुडते. अशा ठिकाणी संस्थेची किंवा गटाची एखादी जुनी गाडी असणं ही चैन नाही, कामाचं साधन आहे.

आणि इथला उन्हाळा! पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नवतपा लागला की दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. अशा उन्हात, दहा माणसं बसवलेली, जुनी, अर्धी देखभाल झालेली गाडी तापणार नाही तर काय होईल? पण इथेच पहिली चूक होते. ऊन आहे म्हणून गाडी तापली, असं आपण सगळेच म्हणून टाकतो. धडधाकट गाडी पंचेचाळीस अंशांतही तापत नाही. तिची रचनाच तशी असते. ऊन हे कारण नसतं. आधीपासून असलेला दोष ऊन उघडा करतं, इतकंच. बाळंतपणात बाई दगावली की ‘अशक्तच होती’ म्हणून फाईल बंद करतात, त्यातलाच हा प्रकार. ती अशक्त का होती, कधीपासून होती, कुणी तपासलं होतं, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही.

जिने पाहिलं, तिला विचारलंच नाही

आमच्या कामातली एक घटना सांगते. एका बाईची कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची तारीख होती. सासर भंडाऱ्याकडचं, त्यामुळे अर्ज तिथल्याच न्यायालयात होता. आमची एक कार्यकर्ती, ती बाई, तिची आई आणि ड्रायव्हर असे सकाळी निघाले. वाटेत टेंपरेचरचा काटा चढायला लागला. पवनीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबवावी लागली. कशीबशी ती एका गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाफ पाहिली आणि सांगितलं, “हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल.” म्हणजे तीन दिवस आणि गटाच्या सहा महिन्यांच्या बचतीएवढा खर्च. तारीख अर्थातच हुकली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिस्त्रीने गाडी पाहिली तेव्हा खरं कारण कळलं. फॅन बेल्ट जुना होऊन गुळगुळीत झाला होता आणि पुलीवरून घसरत होता. जुन्या गाड्यांमध्ये एकच पट्टा पंखाही फिरवतो, पाण्याचा पंपही फिरवतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. पट्टा घसरला की पंखा मंदावतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॅटरीही चार्ज होत नाही. पट्टा बदलला, पाणी भरलं, गाडी चालू झाली. इंजिन खोलावं लागलं नाही.

मला या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नंतर समजली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ती अर्जदार बाई बसली होती. काटा चढायच्या बऱ्याच आधी समोरचा एक लाल दिवा लागलेला तिने पाहिला होता. “डब्यासारखं चित्र होतं, त्यावर अधिक-उणे होतं,” असं तिने आम्हांला सांगितलं. तो बॅटरीचा दिवा. बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढला, म्हणजे आधी पट्ट्याकडे बघा, इतका तो सरळ पुरावा होता. पण तिला कुणी विचारलंच नाही. ड्रायव्हरने नाही, गॅरेजमध्ये तर नाहीच. आणि विचारल्याशिवाय सांगायचं नसतं, हे तिला सासरी चांगलं शिकवलेलं होतं. गॅरेजमधल्या एकाने उलट शेरा मारला, “बाया बसल्या की गाडी अशीच बसते.” गाडी चालवत होता पुरुष, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा म्हणतो की अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लावावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखा किती लांबतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्या लांबणाऱ्या तारखांमध्ये एका घसरणाऱ्या पट्ट्याने आणखी एका तारखेची भर घातली. तेवढे दिवस ती बाई पोटगीशिवाय, भावाच्या घरात, वहिनीचं तोंड बघत राहिली. गाडीचा प्रश्न हा बाईचा प्रश्न नाही, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कुकर जिला कळतो, तिला रेडिएटर कळेल

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळतं. त्यातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच गाडी ओढायला लागते. साधारण तेवढीच धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात शिरते. ती बाहेर काढली नाही तर लोखंड वाकेल, ऑईल जळेल. ती काढण्याचं काम पाणी करतं. इंजिनाच्या भिंतींत पोकळ्या असतात. त्यांतून पाणी फिरतं, तापतं, वरच्या पाईपने रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. समोरून येणारा वारा आणि मागचा पंखा ते पाणी निववतात, आणि खालच्या पाईपने ते पुन्हा इंजिनात जातं. हे फिरवणारा तो पंप. वाटेत थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. पाणी साधारण ऐंशी ते नव्वद अंशांवर पोचलं की ती उघडते.

आणि रेडिएटरचं झाकण? ते म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचं झाकण आणि शिटी एकत्र. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरून ठेवला की ते ११५ ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब गेला की आतलं सगळं पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नये हे घरातली दहा वर्षांची मुलगीही सांगते. तेच भान रस्त्यावर घाईत सुटतं आणि हात-तोंड भाजतात.

मी कुकरचं उदाहरण दिलं ते बायकांना स्वयंपाकघराच्याच भाषेत समजावलं पाहिजे म्हणून नाही. दाब, उष्णता, पाणी, वाफ यांचा रोजचा अनुभव असलेल्या माणसाला ‘हे तुम्हाला कळायचं नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्यात अज्ञान कुणाचं असतं, हे लक्षात यावं म्हणून दिलं.

आधी थांबायचं, मग विचारायचं

काटा वर सरकू लागला की एसी असेल तर बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात ते नकोसं होईल, पण हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा लालवर गेला किंवा वाफ दिसली, तर ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, माणसांना सावलीत बसवायचं. किमान अर्धा तास, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त थांबायचं. निवल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून, तोंड लांब ठेवून, आधी थोडंसंच फिरवायचं, उरलेला दाब जाऊ द्यायचा, मग उघडायचं. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतायचं नाही. गरम तव्यावर पाणी मारल्यावर तवा तडकतो, तसं हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो.

एक धोका विशेष सांगते. पाणी पूर्ण संपलं असेल तर काटा कधीकधी खाली येतो, कारण काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला नसतो. ‘बरं झालं, उतरला’ म्हणून गाडी दामटली की इंजिन बसतं. अचानक शांत झालेलं घर नेहमीच सुखी नसतं, हे आपल्या कामात आपण शिकलेलो आहोतच.

गाडीत आजारी किंवा अडलेली बाई असेल तर निदानाच्या नादी लागायचं नाही. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे; फोन आधी करायचा.

आता प्रश्न. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हांला पहिल्यांदा शिकवलं गेलं ते हे की समोरच्यावर शिक्का मारण्याआधी पूर्ण हकीकत घ्यायची. डॉक्टरही चांगला असेल तर तेच करतो. इंजिनाचं निदान म्हणजे नीट क्रमाने घेतलेली हकीकत आहे.

पहिला प्रश्न, पाणी कमी झालं आहे का? झालं असेल तर ते कुठून तरी जातं आहे. सकाळी गाडीखाली ओल आहे का बघा. पाईप जिथे जोडलेत तिथल्या क्लिपा, रेडिएटरचा तळ, प्लास्टिकची टाकी, पंपाखालचं बारीक भोक, हे सगळं बघा. सुकलेल्या पाण्याचा पांढरा किंवा रंगीत डाग गळतीची जागा दाखवतो. झाकणाचं रबर फाटलं असेल तरी दाब राहत नाही आणि पाणी उतू जातं. नवीन झाकण स्वस्तात मिळतं, म्हणून ते आधी तपासावं.

दुसरा प्रश्न, तापते केव्हा? उभी असताना, बाजारातून किंवा मिरवणुकीमागे हळू जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो, तर पंख्याकडे बघा. धावताना वारा मिळतो, उभं राहिल्यावर पंख्याशिवाय वारा नाही. पट्ट्यावरचा पंखा असेल तर पट्टा, विजेचा असेल तर फ्यूज, रिले किंवा मोटार. फ्यूज जळालेला असेल तर दुरुस्ती काही मिनिटांची आहे. याउलट, गावात ठीक असते पण वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोंदला आहे, पंप थकला आहे किंवा खालचा पाईप मऊ पडून आत ओढला जातो आहे.

तिसरा प्रश्न, किती वेळात तापते? सुरू करून थोड्याच वेळात काटा वर जातो, वरचा पाईप कढत आणि खालचा थंड लागतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे बरेच मिस्त्री तो काढून फेकून देतात आणि ‘आता कधी तापणार नाही’ म्हणतात. तो नसला की इंजिन बराच वेळ थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, झिजतं. काही गाड्यांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. ‘काढू नका, नवीन बसवा’ असं सांगता आलं पाहिजे.

चौथा प्रश्न, रेडिएटरच्या अंगावर काय बसलंय? हा खास आपल्या भागाचा प्रश्न. धान निघतो त्या दिवसांत रस्त्यावर तणस, कोंडा, धूळ उडत असते. ती जाळीत बसते आणि वारा आत जात नाही. मऊ ब्रश घेऊन, आतल्या बाजूने बाहेर पाणी मारून जाळी साफ करायची. हे काम कुणीही करू शकतं. रेडिएटर आतून चोंदतो तो मात्र बोअरच्या जड पाण्याने. ज्या पाण्याने आपल्या हंड्याला पांढरा थर चढतो, तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर नळ्यांना तोच थर चढणार. म्हणून कूलंट वापरायचं, गाडीच्या पुस्तकात दिलं असेल त्या प्रमाणात, स्वच्छ, क्षार नसलेल्या पाण्यात. ते नुसतं निववत नाही, गंजही थांबवतं. रस्त्यात अडचणीला पिण्याचं पाणी चालेल, पण नंतर ते बदलून घ्यायचं. आणि हे लक्षात ठेवा की कूलंट चवीला गोड आणि जहरी असतं. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. लेकरं आणि जनावरं यांच्यापासून दूर ठेवा, सांडलं तर धुऊन टाका.

पाचवा प्रश्न शेवटीच विचारायचा. पाणी कमी होतं आहे, पण बाहेर गळती कुठेच नाही. मागून पांढरा धूर सतत येतो. ऑईलची काडी काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. थंड इंजिन झाकण काढून सुरू केलं तर पाण्यात बुडबुडे येत राहतात. यातल्या खुणा एकत्र दिसल्या तर हेड गॅस्केटचा संशय खरा. तेव्हा इंजिन खोलावंच लागेल, आणि तेव्हा टाळाटाळ करू नये, कारण तशीच चालवत राहिलो तर हेड वाकतं आणि खर्च कितीतरी वाढतो. आमच्या गाडीत यातली एकही खूण नव्हती. तरी निदान मात्र सरळ तिथूनच सुरू झालं, सर्वांत महागड्या टोकाकडून.

आक्षेपांबद्दल

आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा जे आक्षेप आले ते प्रामाणिक होते, म्हणून त्यांचा विचार करायला हवा.

एक मैत्रीण म्हणाली, “आपल्यापुढे हिंसाचार आहे, वनहक्काचे दावे आहेत, मजुरी आहे. त्यात हे कुठे?” माझं उत्तर असं की आपण हे सगळं ज्यावर बसून करतो, ते साधन दुसऱ्याच्या ज्ञानावर चालतं. किती वाजता निघायचं, रात्री त्या गावात जायचं की नाही, गाडी ‘चालण्यासारखी’ आहे की नाही, हे निर्णय शेवटी कोण घेतं? जो बॉनेट उघडतो तो. कार्यक्रम आपला, पण वेळापत्रक त्याचं. ‘गाडी गरम होते, आज नको’ या वाक्यावर आपल्याला हो म्हणण्याशिवाय काही बोलता येत नसेल, तर संस्थेच्या कारभारातला एक मोठा भाग आपल्या हातात नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा होता. ड्रायव्हर आणि मिस्त्री हे गरीब कष्टकरी आहेत. शिकलेल्या बायकांनी त्यांच्यावर संशय घ्यायचा का? हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. खेड्यातले कितीतरी मिस्त्री लहानपणी ‘छोटू’ म्हणून गॅरेजात राबले, मार खात शिकले. त्यांच्या हातातलं कसब खरं आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. त्या दुसऱ्या मिस्त्रीने पट्टा ओळखला तो त्याच कसबाने. पण कसबाला मान देणं म्हणजे मान खाली घालून ऐकणं नव्हे. नीट हकीकत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा चांगल्या मिस्त्रीला रागही येत नाही. त्याचं काम सोपं होतं. राग येतो तो ज्याला न तपासता सांगायचं असतं त्याला.

तिसरा आक्षेप, आता नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, मशीन लावलं की दोष कळतो. मशीन सेन्सरची तक्रार सांगतं. जाळीत तणस बसलंय, क्लिप ढिली आहे, पाईप मऊ पडलाय हे डोळ्यांनी आणि हातांनीच कळतं. शिवाय ते मशीनही कुणाच्या तरी हातात असतं, आणि पडद्यावर काय आलं ते दाखवा, असं म्हणायचं धैर्य पुन्हा आपल्यालाच लागतं.

बाई आणि यंत्र

‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’ या वाक्याची गंमत अशी, की मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी गाडी घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं अधिक. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता; पाणी उकळून उडून जायचं आणि वाटेत जागोजागी विहिरी-ओढ्यांवरून भरावं लागायचं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. उतारावर ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. त्या कारखान्यात लग्नाआधी तिच्याच हुंड्याचे पैसे गेले होते. पेटंटवर नाव मात्र कार्ल बेन्झचं. पैसा, जोखीम आणि निदान बाईचं, कागद पुरुषाचा! आपल्याकडे गटाच्या कर्जावर घेतलेल्या कितीतरी गाड्यांचं उलटं असतं. कागद बाईचा, आणि चावी, कमाई, निर्णय पुरुषाचे. दोन्हीकडे बाईला मिळतं काय, हा प्रश्न सारखाच.

दूर जायला नको. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला सुरुवात केली. एसटी महामंडळाने २०१९ मध्ये महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि एसटीच्या स्टिअरिंगवर प्रत्यक्ष बाई बसली ती २०२३ मध्ये. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. मोटार मेकॅनिकच्या वर्गात किती मुली आहेत, हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. शिवणकामाच्या वर्गाची जाहिरात आपण स्वतः गावात लावतो. मोटार मेकॅनिकची लावतो का?

काय करता येईल

मला सुचलेल्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत.

एक, वर्षातून एक दिवस, उन्हाळा लागण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत, गाडीचं शिबिर घ्यावं. ड्रायव्हर आणि ओळखीचा मिस्त्री यांनाच शिकवायला बोलवावं, आणि त्यांना त्या दिवसाचं मानधन द्यावं. बॉनेट उघडून प्रत्येकीने पाणी, ऑईल, पट्टा, पाईप आपल्या हाताने तपासावेत. नुसतं बघून कुणी शिकत नाही.

दोन, गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किती किलोमीटर झाले, पाणी किती घातलं, काटा कुठे होता, कोणता दिवा लागला. दर आठवड्याला पाणी घालावं लागतंय हे वहीतून दिसतं. आठवणीतून दिसत नाही. गॅरेजमध्ये भांडण्यापेक्षा वही पुढे केलेली चांगली.

तीन, गॅरेजमध्ये तीन वाक्यं न लाजता म्हणायची सवय लावावी. “हे कशावरून ठरवलं ते दाखवा.” “आधी काय काय तपासलं?” “काढलेला पार्ट परत द्या.”

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, गाडीत बसलेल्या प्रत्येकीला विचारावं. तुला काही दिसलं का, वास आला का, आवाज आला का? कूलंटचा गोडसर वास, घसरणाऱ्या पट्ट्याची किंकाळी, लाल दिवा, हे सगळं मागच्या सीटवरच्या म्हातारीलाही कळू शकतं. ती निरक्षर असेल, पण तिला नाक, कान, डोळे आहेत.

दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कचेरीत बाईच्या बोलण्याची नोंद होत नाही, म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. निदान आपल्या स्वतःच्या गाडीत तरी ती व्हावी.

तुमच्या गटाकडे गाडी आहे का, ती कोण चालवतं, आणि ती बिघडली की काय करायचं हे कोण ठरवतं, ते जरूर लिहून कळवा. कुणी असं शिबिर घेतलं असेल तर काय जमलं, काय फसलं, तेही लिहा. पुढच्या उन्हाळ्याआधी या अनुभवांतून मराठीत एक साधी चार पानांची पुस्तिका तयार करता आली, तर ती प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असावी, असं मला वाटतं.